पुढे गडकरी गेले

गडकऱ्यांची भाषा कशी ऐकावी, यावर आज थोडं बोलायचं आहे. अनुप्रास म्हणजे काय, स्वगत म्हणजे काय, ही शाळेतली उजळणी करत नाही. सरळ त्यांच्या ‘राजसंन्यास’ नाटकाकडे येतो.

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ला सावनेरला गेले, तेव्हा वय ३३. ‘भावबंधन’ त्यांनी शेवटच्या दुखण्यात पुरं केलं. ‘एकच प्याला’ महिनाभराने बडोद्याला रंगभूमीवर आलं; ते बघायला लेखक नव्हता. ‘वेड्यांचा बाजार’ आणि ‘राजसंन्यास’ अपुरी राहिली. त्यातलं पहिलं चिंतामणराव कोल्हटकरांनी पुरं केलं. ‘भावबंधन’मधला घनश्याम रंगवणारा नट तो, त्याची तळमळ कळते. विनोदी नाटकाला दुसऱ्याचा हात एखादवेळ मानवतोही. ‘राजसंन्यास’ला मात्र कोणी असा हात लावू नये, असं मला वाटतं.

आमच्या आळीत एक निवृत्त मास्तर ते वाचून दाखवत. त्यातल्या जिवाजी कलमदानेच्या बडबडीला आम्ही पोरं लोळायचो. मजकूर तुटला की मास्तर थांबत. कोणी विचारलं, “अण्णा, पुढे काय झालं?” तर म्हणत, “पुढे गडकरी गेले.” आणि चष्मा पुसत.

त्यांच्यासारखं वाचन पुन्हा फारसं कानावर पडलं नाही. गणपतीतल्या कार्यक्रमांत, एकपात्री स्पर्धांत या नाटकातल्या संभाजीचं स्वगत हमखास असतं, आणि हमखास ओरडून. पहिल्या वाक्यालाच मानेच्या शिरा फुगतात, टाळ्या पडतात, शेवटासाठी आवाज उरत नाही. अहो, गडकऱ्यांचं वाक्य लांबलचक असतं, पायरीपायरीने चढतं, आणि घाव बसतो तो शेवटच्या दोन-तीन शब्दांत. शेवटाकडचा संभाजी पश्चात्तापाने स्वतःचा हिशेब मांडतोय. असा हिशेब कोणी आरोळी ठोकून मांडतं का? मास्तर तिथे आवाज उतरवत. मागच्या ओटीवरची माणसं आपणहून पुढे सरकत.

दुसरी एक भक्तमंडळी म्हणते, ‘राजसंन्यास’ पुरं झालं असतं तर मराठीतलं सर्वश्रेष्ठ नाटक ठरलं असतं. असेलही. पण उत्तरपत्रिकेतल्या कोऱ्या पानांना गुण कसे द्यायचे? जे लिहिलंय ते भरपूर आहे, ते तरी आधी नीट ऐकू.

याच नाटकातल्या संभाजीच्या चित्रणावरून जानेवारी २०१७मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा उखडून मुठा नदीत टाकला गेला. मला त्या रात्री झोप लागली नाही. अपुऱ्या नाटकाची पंचाईत अशी, की न लिहिलेल्या प्रवेशांत लेखकाने कसा तोल साधला असता, हे आरोप करणाऱ्याला सांगता येत नाही आणि बचाव करणाऱ्यालाही नाही.

तेव्हा वाचनालयातून ‘राजसंन्यास’ आणा. मोठ्याने वाचा, घाई न करता. श्वास कुठे घ्यायचा ते गडकऱ्यांच्या विरामचिन्हांना विचारा. मजकूर तुटेल तिथे तुम्हीही थांबा. पुढचं आपल्या पदरचं सांगू नका. घरातलं एखादं पोर विचारेलच पुढे काय झालं म्हणून. विचारू दे.