वणव्याआधीचे अनुदान



आपल्या जिल्ह्यातील गौताळा औट्रमघाट अभयारण्य 1986 साली घोषित झाले. हे रान पानझडीचे. माघ-फाल्गुनात पाचोळा व वाळके गवत साचते आणि बांध जाळताना उडालेली एक ठिणगी पुरते. रान जाळल्याने पुढे गवत चांगले येते, हा समज अजून गेलेला नाही. राखेवर पहिला कोंब हिरवागार दिसतो खरा. पण झाडांची कोवळी रोपे जळतात आणि उघडी पडलेली माती पहिल्याच वळवात वाहून जाते.

राज्यात वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारीपासून धरतात. जाळरेषा, म्हणजे गवत-पाचोळा काढून मोकळ्या केलेल्या पट्ट्या, त्यापूर्वीच तयार हव्यात. अनुदान मार्चअखेर खर्ची पडले तर हिशेब जुळतो, रान वाचत नाही! म्हणून वन व्यवस्थापन समितीने मागणीचा ठराव पावसाळा सरताच वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे पाठवावा. 2006-07 मध्ये सुरू झालेल्या संत तुकाराम वनग्राम योजनेत वन राखणाऱ्या समित्यांसाठी पुरस्कार ठेवण्यात आले, तेही या कामी ध्यानात घ्यावेत.

बांध जाळणे अटळच असेल, तर वनरक्षकास आधी कळवावे, वारा नसताना जाळावा आणि शेवटचा निखारा विझेपर्यंत तेथून हलू नये.