श्रुतलेखन आणि मुलाची शब्दस्मृती



श्रुतलेखनाच्या तासाला आपण सात-आठ शब्दांचे वाक्य सांगतो. एक मूल ते सहज लिहून घेते. दुसरे तीन शब्दांनंतर थांबून आपल्या तोंडाकडे पाहत राहते. या दुसऱ्याच्या नावापुढे ‘स्मरणशक्ती मंद’ असा शेरा मारण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. तो शेरा पुष्कळदा अन्यायाचा असतो, एवढेच आज सांगावयाचे आहे.

ऐकलेले शब्द क्षणभर धरून ठेवण्याची मनाची शक्ती फार थोडी असते. अमेरिकेतील जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली तिची मर्यादा सुमारे सात घटकांची सांगितली. पुढे काहींनी ती चारांवर आणली. परंतु या ओंजळीत किती मावेल, हे आधीच्या शब्दसंग्रहावरही अवलंबून असते. लातूरकडील शेतकऱ्याच्या मुलास ‘तिफण, कुळव, जू, कासरा’ हे शब्द ऐकवा. ते बहुधा जसेच्या तसे परत म्हणेल. ‘शीड, सुकाणू, गलबत, डोलकाठी’ म्हणा, ते अडखळेल. मूल तेच, कानही तेच! ऐकलेल्या ध्वनीची खूण काही क्षणांतच पुसट होते. शब्द ओळखीचा असेल तर मन गळालेला भाग आपल्या साठ्यातून भरून काढते; अनोळखी असेल तर भरावयास काही नसते. १९९१ साली चार्ल्स ह्यूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी भाषकांना इटालियन शब्द लक्षात ठेवावयास दिले. ते त्यांना थोडेच धरता आले. त्यांचे अर्थ शिकविल्यावर तीच माणसे अधिक शब्द धरू लागली.

आपल्याकडे धर्माबाद-बिलोलीच्या बाजूस कित्येक घरांत तेलुगू बोलतात, देगलूर-उदगीरकडे कन्नड, किनवटच्या डोंगरात गोंडी व कोलामी, तांड्यांवर गोरमाटी. तेलुगू घरातले मूल बैलास ‘एद्दु’ म्हणते, पाण्यास ‘नीळ्ळु’. बैल त्याने जन्मापासून पाहिलेला असतो. नवा आहे तो आपला शब्द. (१९४८ पर्यंत उर्दूतून शिकलेल्या आपल्या वाडवडिलांना ही अडचण समजावून सांगावी लागली नसती.)

म्हणून श्रुतलेखनाच्या आदल्या दिवशी पाठातील पाच-सहा नवे शब्द मुलांच्या तोंडी घोळवावेत, घरी त्यांना काय म्हणतात ते विचारावे, आणि आरंभी वाक्ये तोडून सांगावीत. शेरा लिहिण्यापूर्वी त्या मुलाकडून त्याच्या घरच्या भाषेतील तेवढेच शब्द परत म्हणवून पाहावेत. ती भाषा आपणास येत नसल्यास त्याच तांड्यावरील वरच्या इयत्तेचे मूल ते शब्द आनंदाने सांगेल.