घरच्या मिळकतीत वावराचा वाटा किती?

(नागपूर येथील शेतकरी मेळाव्यातील भाषण)



आपण वर्षाचा हिशेब मांडतो तो बहुधा कापूस विकल्यावर. किती क्विंटल झाला, भाव काय मिळाला, यावरून साल बरे की वाईट ते ठरवतो. पण घर कशावर चालले, हा हिशेब निराळा असतो.

राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे पाहा. २०१२-१३ साली देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न ६,४२६ रुपये होते. त्यात पिकांचे ३,०८१ व मजुरी-पगाराचे २,०७१ रुपये. २०१८-१९ मध्ये उत्पन्न १०,२१८ रुपयांवर गेले; मात्र पिकांचे ३,७९८ आणि मजुरी-पगाराचे ४,०६३! म्हणजे शेतकरी म्हणवणाऱ्या घरात वावर दुसऱ्या क्रमांकावर गेले. मजुरी-पगार जवळजवळ दुप्पट झाला, जनावरांचे उत्पन्न ७६३ वरून १,५८२ झाले. पिकांची वाढ सहा वर्षांत अवघी २३ टक्के. महागाई त्याहून अधिक वाढली, तेव्हा पिकाचा पैसा खऱ्या अर्थाने घटलाच.

हे आकडे फक्त रोख खर्च वजा करून काढलेले आहेत. घरच्या माणसांची मेहनत, घरचे बियाणे यांची किंमत धरली की १०,२१८ चे ८,३३७ होतात. निंदणाला घरच्या बाईने किती दिवस दिले, हे कोणत्या वहीत लिहिले जाते?

सरासरीवरही फार विसंबू नका. दहा हेक्टरांहून मोठ्या शेतकऱ्याचे मासिक उत्पन्न त्याच पाहणीत साठ हजारांवर होते. दोन-तीन एकरांच्या कोरडवाहू कास्तकाराला ही सरासरी लागू पडत नाही. मजुरीचेही तसेच. कापूस वेचायला दुसऱ्याच्या वावरात जाणाऱ्या घराला वाढलेली मजुरी ही मिळकत. वेचणीला माणसे लावणाऱ्याला तोच खर्च. आपल्याकडे पुष्कळ घरे हंगामात दोन्ही बाजूंना असतात.

म्हणून एक साधी वही घाला. पीक, मजुरी-पगार, दूध-शेळ्या-कोंबड्या आणि इतर धंदा असे चार रकाने पाडा. बुटीबोरीच्या कारखान्यात जाणाऱ्या मुलाने घरात दिलेला पैसा दुसऱ्या रकान्यात लिहा, पिकात मिसळू नका. आमचा अनुभव असा, की हा पैसा नकळत फवारणीत व खतात जातो आणि तोट्यातले पीक नफ्यातले वाटू लागते. दुधाचा चुकारा ज्या बाईच्या हातच्या कामाचा, तिला विचारूनच तो रकाना भरा. बहुधा तिला आकडा तोंडपाठ असतो.

ही वही भरल्यावर कोणी सोयाबीन-तुरीचे क्षेत्र बदलेल, कोणी म्हैस वाढवेल, कोणी काहीच बदलणार नाही. पण येत्या खरिपात बियाणे उधारीवर घेण्यापूर्वी पहिल्या रकान्याची बेरीज एकदा करून पाहा, आणि ती घरातल्या सर्वांसमोर मोठ्याने वाचा.