लसीकरणाचा दाखला आणि आमचे अपुरे राहिलेले शिक्षण
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



शिक्षणावर चार शब्द बोलावेत, अशी सूचना संयोजकांनी केली, तेव्हा आम्ही हेतुतः एक लहानसा विषय निवडला. विषय लहान असला तरी त्याने आमच्या कित्येक भगिनींची वाट अडविली आहे. लग्नानंतर या देशात आलेल्या, मुलांना मार्गी लावून चाळिशीत पुन्हा वही हाती घेणाऱ्या भगिनी कम्युनिटी कॉलेजात नाव घालावयास जातात. गुणपत्रिका असते, शाळा सोडल्याचा दाखला असतो. परंतु बालपणी लसी टोचल्याचा पुरावा मागितला की सारे थांबते. गावी दूरध्वनी होतात, ट्रंका उचकल्या जातात, सत्र बुडते. आणि संसारी स्त्रीचे बुडालेले सत्र पुष्कळदा कायमचेच बुडते.

हा नियम परदेशी माणसाला अडविण्यासाठी झालेला नाही, हे प्रथम ध्यानी घ्यावे. १९८९ ते १९९१ या काळात अमेरिकेत गोवराची मोठी साथ आली. पंचावन्न हजारांवर लोकांना लागण झाली आणि शंभराहून अधिक दगावले. गोवराच्या एका मात्रेवर विसंबणे पुरेसे नाही, हे त्या काळात कळून चुकले. न्यूयॉर्क राज्याचा नियम पाहा: १ जानेवारी १९५७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या आणि सत्रात सहा वा अधिक क्रेडिट घेणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने गोवराच्या दोन आणि गालगुंड व रुबेला यांची प्रत्येकी एक मात्रा घेतल्याचा किंवा या रोगांविरुद्ध प्रतिकारशक्ती असल्याचा पुरावा द्यावयाचा असतो. त्यापूर्वी जन्मलेल्यांना गोवर बालपणीच येऊन गेला असावा, असे गृहीत धरले जाते. २०२५ मध्ये या देशात गोवराचे जितके रुग्ण झाले तितके १९९२ नंतर कोणत्याही वर्षी झाले नव्हते. नियमामागील कारण आजही जिवंत आहे.

आता आमच्या बालपणाकडे पाहू. भारतात व्यापक लसीकरण कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला. गोवराची लस त्यात आली ती १९८५ पासून, टप्प्याटप्प्याने. आणि ती नवव्या महिन्यात टोचली जाई. गोवराची दुसरी मात्रा २०१० पासून, तर रुबेलाची लस २०१७ पासून शासकीय कार्यक्रमात आली. अमेरिकेत मात्र पहिल्या वाढदिवसापूर्वीची गोवराची मात्रा शाळा-कॉलेजच्या हिशेबात धरली जात नाही. याचा अर्थ असा की, शासकीय केंद्रात लसी घेतलेल्या आमच्या पिढीतील बहुतेकांचे कार्ड सापडले, तरी केवळ त्यावर येथील अट पुरी होत नाही. ट्रिपल आणि पोलिओच्या तारखांसाठी ते कार्ड मोलाचे आहे. परंतु त्याच्या शोधात प्रवेश रोखून धरणे व्यर्थ आहे.

शोध घ्यावयाचा तर तो आधी येथेच घ्यावा. १९९७ पासून स्थायी निवासासाठी अर्ज करणाऱ्यांना ठरावीक लसींचा पुरावा द्यावा लागतो. मुंबईतील वैद्यकीय तपासणीत भरलेला लसींचा तक्ता किंवा येथे डॉक्टरांनी भरलेल्या आय-६९३ या अर्जाची प्रत घरातल्या कागदांत असू शकते. ज्या भगिनींची बाळंतपणे या देशात झाली, त्यांच्या रक्ताची रुबेलासाठी तपासणी गरोदरपणी झालेली असते. तो अहवाल प्रसूतितज्ज्ञांकडे मागावा. राज्याच्या लसीकरण नोंदणीतही चौकशी करावी.

यातून काही हाती न लागल्यास दोन सरळ मार्ग आहेत. एक, रक्तातील प्रतिकारशक्तीची तपासणी, जिला येथे टायटर म्हणतात. दुसरा, गोवर-गालगुंड-रुबेलाची लस नव्याने घेणे, दोन मात्रांत किमान अठ्ठावीस दिवसांचे अंतर ठेवून. पूर्वी घेतलेली लस पुन्हा घेतल्याने अपाय होत नाही. मात्र गरोदरपणी ही लस घेऊ नये. म्हणून सत्राच्या तोंडावर धावाधाव न करता दोन महिने आधी कामाला लागावे.

परिचारिकेचा अभ्यासक्रम घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आमच्या दंडावर बी.सी.जी.चा व्रण असतो, आणि त्या लसीमुळे क्षयाची त्वचेवरील चाचणी क्षयाचा संसर्ग नसतानाही सकारात्मक येऊ शकते. अशा वेळी क्षयासाठीची रक्तचाचणी करण्याची विनंती करावी. गोवराची लस आणि क्षयाची चाचणी एकाच दिवशी करावी, अन्यथा लसीनंतर किमान चार आठवडे थांबून चाचणी करावी.

गावाकडील ओळखीच्या डॉक्टरांकडून मागल्या तारखांचा दाखला लिहून आणण्याचा सल्लाही कोणी देतो. तो मानू नये. पंचशीलातील चौथे शील आम्ही प्रत्येक कार्यक्रमात उच्चारतो. खोटा दाखला शरीराला रोगापासून वाचवीत नाही, आणि वर्गात शेजारी बसणाऱ्यालाही वाचवीत नाही.

कार्ड हरवले म्हणून आई-वडिलांना दोषही देऊ नये. ज्यांना अक्षर-ओळख नव्हती, त्या आयांनी रोजंदारी बुडवून आम्हांला कडेवर घेऊन आरोग्य केंद्र गाठले. कागद जपून ठेवण्याजोगे कपाटही कित्येक घरांत नव्हते. त्यांनी आपले काम केले. नोंद ठेवण्याचे काम आता आमचे आहे.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने एक फाईल करावी. तीत प्रत्येकाच्या लसींची नावे व तारखा लिहाव्यात. महिना अक्षरांत लिहावा, कारण आमचा ५/८ म्हणजे पाच ऑगस्ट येथे आठ मे वाचला जातो. माहेरचे व सासरचे आडनाव वेगळे असल्यास विवाहाच्या दाखल्याची प्रत सोबत ठेवावी. आपल्या संस्थेतील जाणत्या सभासदांनी नवागत भगिनीसोबत एकदा कॉलेजच्या आरोग्य कार्यालयात जावे. तेवढ्या सोबतीने पुष्कळ धीर येतो.

बंधुभगिनींनो, बाबासाहेब १९१३ मध्ये विद्यार्थी म्हणून न्यूयॉर्कला आले. त्याच देशात आमची एखादी भगिनी कागदाच्या एका तुकड्यापायी शिक्षणाला मुकणार असेल, तर ती उणीव साऱ्या समाजाची आहे. पुढील संमेलनापूर्वी अशी एक तरी भगिनी प्रत्येक शहरात वर्गात बसलेली दिसावी, एवढीच विनंती करून आम्ही आमचे दोन शब्द संपवितो.

जयभीम! नमो बुद्धाय!