गिधाडाच्या घांसांतील विष

खानदेशांतील पक्ष्यांची जुनी प्रसिद्ध यादी बंदुकीच्या छऱ्यांनींच लिहिली गेली, असें म्हटलें तर त्यांत अतिशयोक्ति होणार नाहीं. जेम्स डेव्हिडसन हे मुलकी अंमलदार या प्रांतांत असतांना त्यांनीं सातपुड्याच्या पायथ्याचे व तापीखोऱ्यांतील पक्षी जमविले, आणि पश्चिम खानदेशची आपली यादी ह्यूमसाहेबांच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकांत १८८२ च्या सुमारास छापविली. पक्षी ओळखावयाचा म्हणजे तो आधीं पाडावयाचा, अशीच तेव्हां रीत होती. त्याच्याही पूर्वीं, १८२५ सालीं, भिल्ल पलटण उभारण्यासाठीं आलेल्या औट्रमच्या वाघांच्या शिकारी या मुलखांत गाजल्या होत्या. चाळीसगांव व कन्नड यांमधील घाट आजही त्याच्याच नांवानें ओळखला जातो. शिकारी कातडें घेऊन जाई. उरलेलें धूड रानांत पडे, आणि त्याचा निकाल लावण्यास आकाशांतून गिधाडें उतरत. त्या धुडांत शिशाची गोळी असे. तिचें पुढें काय होई, हा प्रश्न त्या वेळीं कोणाच्या मनांत आला असेल असें वाटत नाहीं.

शिसें जड, मऊ व स्वस्त. म्हणूनच गोळ्या-छऱ्यांसाठीं त्याची निवड झाली. परंतु त्याचा मऊपणा हाच येथें घातक ठरतो. वेगानें सुटलेली गोळी जनावराच्या अंगांत शिरली कीं तिचे तुकडे उडतात. शिकारी जनावराचे सांडलेले अवशेष क्ष-किरणांखालीं धरून पाहिले, तेव्हां एकेका ठिकाणीं शेंकडों कण दिसून आले. त्यांतले कित्येक साखरेच्या दाण्याहूनही बारीक असतात. जखमेपासून वीतभर दूर असलेल्या मांसांतही ते सांपडतात.

आतां गिधाडाचें पोट पाहावें. त्याच्या जठरांतील आम्ल विलक्षण तीव्र असतें. कुजक्या मांसांतील बहुतेक रोगजंतु त्यांत टिकाव धरीत नाहींत. म्हणून तर जें मांस खाऊन दुसरा प्राणी आजारी पडेल, तें गिधाड सुखानें पचवितें. परंतु जें आम्ल त्याचें कवच, तेंच शिशाच्या कणाला विरघळवून रक्तांत सोडतें. शरीराला शिसें व कॅल्शियम यांतला भेद नीट कळत नाहीं, त्यामुळें हें विष हाडांत जाऊन बसतें. रक्त बनण्याची क्रिया मंदावते, मज्जातंतु निकामी होतात, अन्ननलिकेची हालचाल थांबते. पंख लोंबूं लागतात. गळ्याखालची पिशवी मांसानें भरलेली असते आणि पक्षी मात्र उपासमारीनें झिजून मरतो.

बदकांच्या बाबतींत हें पुष्कळ आधीं ध्यानांत आलें होतें. पांखरांना दांत नसतात. धान्य दळण्यासाठीं तीं बारीक खडे गिळतात, आणि पोटांतल्या त्या जात्यांत ते ठेवतात. तळ्याच्या गाळांत पडलेले छरे त्यांना खड्यांसारखेच वाटतात. अमेरिकेंत या रोगाविषयीं १८९४ सालींच छापून आलें होतें. तरी पाणपक्ष्यांच्या शिकारींतून शिशाचे छरे तेथें पुरते हद्दपार होण्यास १९९१ साल उजाडलें. जवळजवळ शंभर वर्षें! सुधारणेस लागणाऱ्या वेळाचें याहून बोलकें माप शोधावयास नको.

अमेरिकेंतील सर्वांत मोठें गिधाड म्हणजे कॅलिफोर्नियाचें काँडोर. १९८२ सालीं सबंध जगांत हीं पांखरें अवघीं २२ उरलीं होतीं. १९८७ मध्यें रानांतील शेवटचें काँडोर पकडून पिंजऱ्यांत आणलें, तेव्हां एकूण संख्या २७ होती. पिंजऱ्यांत वीण वाढवून १९९२ पासून तीं पुन्हां मोकळीं सोडूं लागले, आणि आज त्यांची संख्या पांचशेंच्या वर गेली आहे. परंतु मोकळ्या पांखरांच्या मृत्यूंपैकीं ज्यांचें कारण कळलें, त्यांतील सुमारें निम्मे मृत्यु शिशामुळें झालेले आहेत. काँडोर पुन्हां पुन्हां पकडून त्याचें रक्त तपासावें लागतें. शिसें वाढलें असेल तर औषध टोंचून तें बाहेर काढावें लागतें, आणि मग त्याला परत सोडावयाचें. कॅलिफोर्नियानें २०१३ सालीं कायदा केला, व १ जुलै २०१९ पासून तेथें कोणत्याही शिकारीस शिशाची गोळी वर्ज्य झाली. तांब्याच्या गोळ्या मिळतात, आणि त्या फुटून विखरत नाहींत. म्हणजे प्रश्न शिकार बंद करण्याचा नव्हता. गोळीची धातु बदलण्याचा होता.

खानदेशांत हें संकट त्या रूपानें आलें नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीवर बंदी आली, आणि हतनूर धरणाच्या पाण्यावर हिंवाळ्यांत उतरणाऱ्या बदकांना कायद्यानें तरी अभय मिळालें. पिकाची नासाडी करणारें रानडुकर परवान्यानें मारण्याची सवड मात्र त्याच कायद्यांत आहे, आणि चोरून होणारी शिकार कायद्याला विचारून होत नसते. अशा रीतीनें मारलेलें जनावर उघड्यावर टाकलें, तर काँडोरची कथा येथेंही घडूं शकते. तें खोल पुरावें, निदान गोळी लागलेला भाग तरी पुरावा, एवढी दक्षता परवाना देणाऱ्यानें व घेणाऱ्यानें बाळगणें कठीण नाहीं.

इकडच्या गिधाडांचा घात केला तो गुरांच्या औषधानें. कामाचा बैल लंगडूं लागला, गाईला ताप आला, कीं तिला डायक्लोफिनॅक नांवाचें वेदनाशामक टोंचीत. औषध स्वस्त होतें, गुणही लौकर येई. शेतकऱ्यानें तें बैलाच्या मायेपोटींच दिलें, यांत शंका नाहीं. परंतु जनावर त्या दुखण्यांतून न उठतां एकदोन दिवसांत मेलें, तर औषध त्याच्या मांसांत राही. तें खाणाऱ्या गिधाडाचीं मूत्रपिंडें बंद पडत, आणि त्याच्या काळजावर, यकृतावर युरिक आम्लाचा चुन्यासारखा पांढरा थर बसे. हें कारण २००४ सालीं पाकिस्तानांतील संशोधनानें उघड झालें. तोंपर्यंत पांढऱ्या पाठीचीं गिधाडें भारतांत १९९२ पासून झपाट्यानें नाहींशीं होत होतीं. २००७ पर्यंत हजारांतील ९९९ गेलीं. लांब चोंचीचीं शंभरांत सुमारें ९७ गेलीं.

येथें एक हिशेब नीट समजून घेतला पाहिजे. एवढा संहार होण्यास सगळींच ढोरें विषारी असावीं लागत नाहींत. शंभर प्रेतांत एकाहून कमी विषारी असलें तरी पुरें. गिधाडें थव्यानें जेवतात. एका बैलावर पन्नास बसलीं तर पन्नासही जातात. आणि तीं वर्षाला एकच अंडें घालतात. 'बहुतेक लोक काळजी घेतात' हें समाधान म्हणून येथें उपयोगाचें नाहीं.

त्याच सुमारास खानदेशांत एक आनंदाची गोष्ट घडत होती. डेव्हिडसनच्या काळानंतर जो रानपिंगळा कोणाला खात्रीनें दिसला नव्हता, तो नोव्हेंबर १९९७ मध्यें तेव्हांच्या धुळे जिल्ह्यांतील शहाद्याजवळ पुन्हां सांपडला. तो शतकाहून अधिक काळ नाहींसा मानलेला पक्षी होता. सर्व पक्षीमित्रांनीं तिकडे डोळे लावले. डोक्यावर रोज घिरट्या घालणारें गिधाड मात्र कमी झालें आहे, हें गांवांच्या ध्यानांत यावयास पुष्कळ वेळ लागला. ढोरें टाकण्याच्या जागीं कुत्रीं वाढलेलीं दिसूं लागलीं, तेव्हां कोठें चर्चा सुरू झाली. कुत्र्यांबरोबर पिसाळरोगाची भीति वाढते. गिधाडें गेल्यामुळें २००० ते २००५ या काळांत देशांत सुमारें ५ लक्ष अधिक माणसें मेलीं, असा अंदाज २०२४ सालीं दोघां अर्थशास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केला आहे. नुसती घाण उपसणारें पांखरूं म्हणून ज्याच्याकडे पाहून नाक मुरडलें जाई, त्याच्या जाण्याची ही किंमत!

सरकारनें २००६ सालीं गुरांसाठीं हें औषध बंद केलें. परंतु माणसांसाठीं मिळणाऱ्या मोठ्या कुप्या बैलाला पुरेशा होत, आणि त्या वाटेनें तें गोठ्यांत येतच राहिलें. अखेर २०१५ सालीं माणसाच्या टोंचणीची कुपी ३ मिलिलिटरहून मोठी नसावी असें ठरलें. २०२३ सालीं किटोप्रोफेन व एसिक्लोफिनॅक हीं औषधेंही गुरांसाठीं वर्ज्य झालीं. मेलॉक्सिकॅम हें औषध गिधाडांना बाधत नाहीं, हें प्रयोगानें सिद्ध झालेलें आहे, आणि तें बाजारांत मिळतें. गोठ्यांत वैद्य आला असतां त्याला औषधाचें नांव विचारणें, हें शेतीशीं संबंध असलेल्या शहरी कुटुंबासही सहज करतां येण्यासारखें आहे. जळगांव-धुळ्याच्या कितीतरी सुशिक्षित घरांची शेती अद्याप गांवीं आहेच.

धुळ्याच्या शेजारीं नाशिक जिल्ह्यांत, हरसूलकडील खोरीपाडा येथें वनखातें व गांवकरी यांनीं मेलेलीं जनावरें एका ठराविक जागीं गिधाडांसाठीं ठेवण्याची व्यवस्था केली, आणि गिधाडें तेथें येऊं लागलीं. हरियाणांतील पिंजोर येथें बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या केंद्रांत वाढविलेलीं गिधाडें २०२४ सालीं पेंच व ताडोबा येथें आणून मोकळीं सोडण्यांत आलीं. गिधाडाला जिल्ह्याची सीमा ठाऊक नसते. वाऱ्यावर पंख पसरून तें एका दिवसांत शंभर मैलांचा पल्लाही ओलांडूं शकतें. पेंचहून सातपुड्याची धार धरून पश्चिमेस निघालेल्या गिधाडाला यावलचें रान फार लांबचें नाहीं, आणि रानाबाहेर, तापीकांठच्या एखाद्या बांधावर पडलेला बैल त्याला उंचावरून दिसल्यावांचून राहणार नाहीं.