एमआरआयचा उत्पादन खर्च



कापसाचा उत्पादन खर्च काढायला आपण शिकलो. बियाणे, फवारणी, वेचणी, घरच्या माणसांची मजुरीसुद्धा मांडायला शिकलो. पण कंबर धरली आणि डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला की आपण दर न विचारता खासगी केंद्रात सात-आठ हजार मोजून मोकळे होतो. 2025-26चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये. एका तपासणीत क्विंटलभर कापूस गेला, तोही हमीभाव पदरात पडला तर.

हाही हिशेब मांडू. सीटी स्कॅन क्ष-किरणांवर चालतो, काही मिनिटांत उरकतो. एमआरआय चुंबकावर चालतो. ते चुंबक द्रवरूप हेलियमने उणे 269 अंशांच्या आसपास थंड ठेवावे लागते, रात्री रोगी नसला तरी. एकेका रोग्याला अर्धा-पाऊण तास जातो. तेव्हा एमआरआय महाग, यात खोटे नाही.

मात्र खर्च किती बसतो, हे यंत्र किती चालते यावर आहे. जिनिंगसारखेच. समजा यंत्र 6 कोटींचे, 10 वर्षे टिकणारे, वर्षाला 300 दिवस चालणारे. दिवसाला 20 हजार नुसते यंत्राचे झाले. 5 रोगी आले तर प्रत्येकी 4 हजार, 20 आले तर 1 हजार. वीज, पगार, व्याज, देखभाल वेगळी. म्हणून रिकामे यंत्र गिऱ्हाईक शोधते आणि कुठे कुठे चिठ्ठी लिहिणाऱ्याला 'कट' पोचतो. सगळे डॉक्टर असे नाहीत. 2002च्या वैद्यकीय आचारसंहितेने असे कमिशन निषिद्धच केले आहे. बाजार समितीतली अडत निदान पट्टीवर दिसायची. ही अडत पावतीवर दिसत नाही.

डोक्याला मार लागला, एकाएकी तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, तर दर विचारत बसू नका. तडक रुग्णालय गाठा. जुन्या कंबरदुखीला मात्र उसंत असते. तेव्हा डॉक्टरांना विचारा, या तपासणीने उपचार बदलणार आहे काय? केंद्रात विचारा, दरात फिल्म, रिपोर्ट आणि कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन धरले आहे काय? आधी जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी मेडिकल कॉलेजात चौकशी करा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत भरती असाल तर त्या उपचाराच्या तपासण्या पॅकेजातच येतात. वेगळे पैसे मागितले तर आरोग्यमित्राला गाठा. जुन्या फिल्मा जपून ठेवा.

पुढच्या बैठकीला घरातल्या स्कॅनच्या पावत्या आणा. रोग्याचे नाव झाका. केंद्र, तपासणी, तारीख आणि रक्कम दिसू द्या. तालुकावार तक्ता आम्ही मांडू.