संगणकाच्या तासाला मराठी कुठे आहे?

(मंडळाच्या वार्षिक सभेत, वडोदरा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षी मंडळाच्या निबंधस्पर्धेच्या वेळी आम्ही सोय म्हणून कळवले की निबंध टाइप करून पाठवला तरी चालेल. आलेल्या निबंधांपैकी बरेचसे रोमन लिपीत होते. भाषा मराठी, अक्षरे इंग्रजी! मुले हुशार आहेत, आजोबांचे विजेचे बिल मोबाइलवरून भरून देतात. पण 'ळ' कुठून काढायचा हे त्यांना कोणी दाखवलेच नव्हते. आम्ही परीक्षकांनी गुण कापले आणि नंतर आमचीच आम्हाला लाज वाटली.

विद्यार्थ्याला आणि शिक्षकाला संगणकाचे काय काय यावे, याचे दंडक जगात ठरलेले आहेत. अमेरिकेतील 'इस्टे' या संस्थेने १९९८ साली विद्यार्थ्यांसाठी व २००० साली शिक्षकांसाठी ते प्रसिद्ध केले. पुढे २०१६ व २०१७ मध्ये ते नव्याने मांडले. युनेस्कोने २००८ साली शिक्षकांसाठी चौकट आखली. आपल्याकडे एन.सी.ई.आर.टी.ने २०१३ साली विद्यार्थी व शिक्षक या दोघांसाठी अभ्यासक्रम तयार केला. या सगळ्यांचा रोख साधारण एकच आहे. नुसते यंत्र चालवता येऊन भागत नाही. माहिती शोधावी, पारखावी, स्वतः काही घडवावे आणि ते चार लोकांपुढे मांडावे.

मांडावे, पण कोणत्या भाषेत? अमेरिकेतल्या संस्थेने ते सांगावे अशी अपेक्षा नाही. ते ज्यांची भाषा आहे त्यांनीच ठरवायचे. आणि आपण गप्प बसलो.

दंडक ठरवणे या शहराला नवे नाही. सक्तीचे प्राथमिक शिक्षण १९०६ साली सबंध संस्थानाला लागू करणाऱ्या सयाजीराव महाराजांनीच 'सयाजी शासन शब्द कल्पतरु' हा कोश करवून घेतला. तो १९३१ साली निघाला. इंग्रजी राज्यकारभारी शब्दांना गुजराती, मराठी, हिंदी, बंगाली वगैरे भाषांतले प्रतिशब्द त्यात शेजारी शेजारी दिले आहेत. कचेरीत काम करणाऱ्याने आपल्या भाषेत अडू नये, एवढाच त्यामागचा सरळ विचार.

संगणकापुरती हीच सोय सरकारने १९९१ साली करून ठेवली आहे. त्या वर्षीच्या भारतीय मानकात 'इनस्क्रिप्ट' हा कळफलक आला. त्याची गंमत अशी की लिपी बदलली तरी कळ बदलत नाही. इंग्रजी 'के'च्या कळीवर मराठीचा 'क' आहे, गुजरातीचाही 'क' तिथेच आहे. म्हणजे आपले मूल एकदा शिकले की घरची आणि शाळेची, दोन्ही भाषा त्याच्या बोटांत येतात. वडोदऱ्यातल्या मुलाला याहून फायद्याचे दुसरे काय असणार? 'एन'ची कळ शिफ्टसह दाबली की 'ळ' येतो, 'जे'ची दाबली की 'आचाऱ्यांना'मधला 'ऱ'. तो 'ऱ' सापडला नाही तर स्वयंपाक्यांसाठी लिहिलेले पत्र 'आचार्यांना' जाते! आणि यासाठी विकत काही घ्यावे लागत नाही. विंडोज आणि लिनक्समध्ये हा कळफलक असतोच, फक्त चालू करावा लागतो.

शिक्षकांची अडचण थोडी वेगळी आहे. आमच्या ओळखीच्या एक बाई प्रश्नपत्रिका अजून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात. त्या फॉन्टमध्ये दिसते मराठी, पण आत साठवलेली असतात भलतीच चिन्हे. छापखान्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की पानभर भुते नाचतात. शेवटी बाई प्रश्नपत्रिका हातानेच लिहून देतात. त्यांना हसायचे कारण नाही. मंडळाच्या वार्तापत्राचे जुने अंक आम्हीच असल्या फॉन्टमध्ये ठेवले होते. आज त्यांतले कित्येक उघडतात, पण वाचता येत नाहीत. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असल्याने ही आपत्ती येत नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणात ही एक गोष्ट आली तरी पुष्कळ झाले.

राज्यघटनेच्या ३५०-अ या कलमाने भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करावी असे राज्यांना सांगितले आहे. ते कलम १९५६ साली आले, तेव्हा शाळेत संगणक नव्हता. आज आहे, म्हणून मराठी शाळांतील संगणकाच्या तासात मराठी लेखन असावे, असे निवेदन आम्ही शिक्षणाधिकाऱ्यांना देत आहोत. आपल्यातील बहुतेकांची मुले मात्र गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात आहेत. त्यांच्यासाठी निवेदनाचा उपयोग नाही, तिथे घरातल्यांनीच बसले पाहिजे.

यंदा निबंध देवनागरीतच घेतले जातील, हस्तलिखित किंवा युनिकोडमध्ये. त्याआधी चार शनिवार संध्याकाळी पाच वाजता मंडळाच्या वाचनालयात मुलांना आणि शिक्षकांना कळफलक शिकवू. आजी-आजोबांनीही यावे, त्यांचे शुद्धलेखन आम्हाला लागणार आहे. कळफलकाचा छापील तक्ता दाराशी ठेवला आहे, जाताना प्रत्येक घराने एक न्यावा.